बिनकाजाचा शर्ट

त्याला सगळे मास्तर म्हणायचे आणि तिला मास्तरीणबाई. शाळेशी दोघांचाही संबंध दहावीलाच संपलेला. हातात खडू असायचा, तो फळ्यासाठी नव्हे, कापडावर रेघ ओढायला. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं, दुकानावर राहायची खोली होती, आणि कामाची वाटणी तीस वर्षं ठरलेली होती. माप घेणं, बेतणं, मशीन चालवणं हे त्याचं. काज, बटणं, तुरपाई आणि गिऱ्हाइकाला "परवा नक्की" म्हणून सांगणं हे तिचं. हे शेवटचं काम तिला तुरपाईपेक्षाही सफाईनं जमायचं.

मास्तरची बोटं हा गल्लीतला कौतुकाचा विषय होता. कापडाला नुसता अंगठा आणि तर्जनी लावून तो सांगायचा, यात सूत किती, भेसळ किती आणि दुकानदारानं थाप किती मारली. या बोटांचा त्याला गर्व होता आणि तो कधी लपवायचाही नाही. का लपवावा? माणसाजवळ गर्व करण्यासारखी एखादी तरी गोष्ट असावी, नाहीतर तो उगाच दुसऱ्याच्या गोष्टींना नावं ठेवत बसतो.

मग आजार आला. रक्ताचा आजार, हाडांच्या आतल्या मगजात घर करून बसलेला. डॉक्टर तरुण होती, मास्तरीणबाईला मुलगी असती तर साधारण त्याच वयाची झाली असती. आडवळण न घेता तिनं सांगून टाकलं, "मास्तर, हा मुळासकट जाणार नाही. पण दाबून ठेवता येतो. मधुमेहाचे लोक नाही का वर्षानुवर्षं काढत? तसं समजा." दर सोमवारी पोटात एक सुई. महिन्यातून एकदा, चौथ्या सोमवारी, डॉक्टरांकडून तपासणी. "आयुष्य सुयांवर काढलं, आता सुयांनीच पुढे ढकलायचं," मास्तर म्हणाला आणि स्वतःच हसला. मास्तरीणबाईला हसू आलं नाही, पण तिनं ओठ रुंद केले. संसारात तेवढं करावंच लागतं.

पहिल्या दोन महिन्यांत रक्ताचे आकडे झरझर उतरले. तिसऱ्या महिन्यात मास्तरला सुईत दोरा ओवता येईना. आधी त्यानं दोऱ्याला दोष दिला, मग सुईला, मग दुकानातल्या दिव्याला. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिला कळत होतं, पण बोलायचं कोणी? मग एक दिवस नळाखाली हात धरताच तो ओरडला. गार पाणी त्याच्या बोटांना काचेच्या कपच्यांसारखं लागलं होतं. पुढे तळपायांची आग सुरू झाली. चादरीचा स्पर्शही सहन होत नसे, म्हणून तिनं पलंगाच्या पायथ्याशी एक रिकामं खोकं ठेवून चादर त्याच्यावर टांगली. सगळ्यात विचित्र म्हणजे जी बोटं दुखायची, तीच बधिरही होती. "मेलेल्या बोटांना दुखतं कसं गं?" तो विचारायचा. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, ते तिनं ऐकलं होतं. आता ते रोज बघत होती.

डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हातापायाला मुंग्या आल्या, आग झाली, बधिरपणा आला तर लपवू नका. औषध कमी करता येतं." त्यातला 'कमी' हा एकच शब्द मास्तरच्या काळजात रुतून बसला होता, आणि त्याला कारण होता पोस्टमन.

सोमवारच्या खोलीत मास्तरच्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन यायचा. बोलका, खिशात कायम खडीसाखर. एका सोमवारी त्यानं डॉक्टरला सांगितलं की पाय जळतात, जिना उतरताना पायरी कळत नाही. त्याचा डोस कमी झाला. पुढच्या महिन्यात त्याचे आकडे वाढले, हे त्यानंच पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं. त्यानंतरच्या सोमवारी खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. मास्तरनं सिस्टरला विचारलं तेव्हा ती सलाईन लावता लावता म्हणाली, "ते आता सोमवारी येत नाहीत." मास्तरनं पुढे विचारलं नाही. त्या खोलीत कोणी असलं काही पुढे विचारत नसे. ज्यानं त्यानं आपापलं समजून घ्यायचं, आणि मास्तरनं समजून घेतलं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" घरी येऊन तो म्हणाला. "त्यानं पाय दाखवले आणि गेला. मी नाही सांगणार."

"अहो, पण सगळं सारखं नसतं. तुम्ही विचारा तरी."

"विचारलं की ती डोस कापणार. मला बेतायचं कळतं. एकदा कापलं की कापलं."

तिनं समजावलं, चिडली, दोन दिवस अबोला धरला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसा हा माणूस. पण एका दुपारी दुकान बंद असताना ती ट्रायल घ्यायच्या खोपटात कपडे ठेवायला गेली, तर मास्तर आत स्टुलावर बसला होता. आरशाकडे पाठ, दोन्ही हात गुडघ्यांत दाबलेले. तीस वर्षांत तिनं त्याला रडताना बघितलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

"मला मरायचं नाही गं," तो म्हणाला. "बोटांचं काय घेऊन बसलीस? जाऊ देत बोटं. मला फार भीती वाटते."

तिथून पुढे तिनं त्याला एकदाही समजावलं नाही.

आता अडचण अशी होती की डॉक्टर नुसतं विचारायची नाही, करून बघायची. चौथ्या सोमवारी ती म्हणायची, "शर्टाची बटणं काढा आणि परत लावा." बोटांची तपासणी होती ती. पहिल्यांदा डॉक्टर हसून म्हणालीही होती, "तुमच्यासाठी हा म्हणजे बालवाडीचा पेपर!" पण गेल्या खेपेला मास्तरला घाम फुटला. तिसऱ्या बटणावर त्याची बोटं घसरली आणि डॉक्टर हातातलं पेन ठेवून बघत राहिली. "पुढच्या वेळी असंच झालं तर आपल्याला विचार करावा लागेल, मास्तर."

पुढची वेळ आठ दिवसांवर आली तेव्हा मास्तरीणबाईनं त्याचा निळ्या रेघांचा शर्ट काढला. कल्पना तिची होती, हे आधीच सांगून ठेवतो. मास्तरनं मागितलं नव्हतं, तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं सातही काजं आतून टाका घालून बंद केली, त्या बंद काजांच्या डोक्यावर बटणं शिवली आणि पट्टीच्या आत सात टिचबटणं बसवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, साधा बटणांचा शर्ट. ओढला की उघडावा, तळव्याच्या उशीनं दाबला की लागावा. टाके असे घातले की भिंग घेऊन बसलं तरी दिसू नयेत. इतकं बेमालूम काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं, आणि शिवताना, खरं सांगायचं तर, तिला आनंदही झाला. कित्येक दिवसांनी आपल्या हातून काहीतरी होतंय, असं तिला वाटलं.

आरशासमोर तालीम झाली. बोटं बटणापाशी न्यायची, चाळवल्यासारखी करायची आणि मनगटाजवळून दाबायचं. मास्तर मुळातच नाटकी, त्याला लगेच जमलं. फक्त टिचबटण लागताना 'टच्' असा आवाज व्हायचा.

"मग खोकायचं," मास्तर म्हणाला.

सोमवारी त्यानं सात बटणं लावली आणि सात वेळा खोकला. डॉक्टर हातांवर खूश झाली आणि छातीच्या काळजीत पडली. तिनं नळी लावून फुप्फुसं ऐकली, पाठ ठोकली आणि छातीचा फोटो काढायला पाठवलं. त्या रांगेत दोघं दीड तास उभी होती. फोटो अर्थातच स्वच्छ आला. घरी येऊन दार लावल्यावर मास्तरनं एक खोटा खोकला काढला. मग दोघं इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. पुढच्या महिन्याला तिनं प्रत्येक टिचबटणाच्या खाचेत मेणबत्तीचं मेण चोळलं आणि आवाज बंद झाला.

असे चार महिने गेले. डॉक्टरच्या डोळ्यांत धूळ, पोटात पूर्ण डोस आणि कागदावर उतरते आकडे.

आणि मास्तर? पहिल्या महिन्यात त्याच्या हातून कप निसटायला लागला. दुसऱ्यात तो पायांकडे बघितल्याशिवाय चालू शकेना. अंधाऱ्या जिन्यात दोनदा पडला, तेव्हा तिनं त्याला काठी आणली. डॉक्टरच्या खोलीत मात्र काठी न्यायची नाही, ती बाहेर बाकापाशीच राहायची. तिसऱ्या महिन्यात त्यानं एका वकिलाच्या कोटाची बाही दोन बोटं आखूड बेतली, आणि त्यानंतर कात्री स्वतःहून तिच्या पुढ्यात सरकवली. आता ती बेतायची, तीच मशीन चालवायची, आणि तो खुर्चीवर बसून चुका काढायचा. "खांदा बघ. अगं खांदा! कोट शिवतेस का उशीचा अभ्रा?" तिला राग यायचा नाही. तो ओरडतोय म्हणजे आहे, असं ती स्वतःला सांगायची.

चौथ्या महिन्यात इस्त्रीची गोष्ट घडली. भर दुपारची वेळ. ती मशीनवर होती आणि तो टेबलापाशी उभा राहून एका विजारीची घडी बघत होता. "काहीतरी जळतंय गं," तो म्हणाला. "कापड जळतंय बघ." तिनं वर बघितलं. कापड जळत नव्हतं. त्याचा डावा हात टेकायला जागा शोधता शोधता इस्त्रीवर जाऊन बसला होता, आणि तो विजारीकडे बघत नाक ओढत होता.

ती किंचाळत धावली तेव्हा त्याला कळलं. हात बघून तो आधी चकितच झाला, कुणा दुसऱ्याचा हात असल्यासारखा.

दोन दिवसांनी चौथा सोमवार होता. डॉक्टरनं बँडेज बघून विचारलं आणि मास्तर म्हणाला, "शिंप्याचा धंदा, इस्त्री लागायचीच." हे म्हणताना तो हसला. मग मोकळ्या हातानं त्यानं सात बटणं लावून दाखवली. डॉक्टरनं मान हलवली आणि पुढच्या सुया लिहून दिल्या. मास्तरीणबाई भिंतीपाशी उभी होती. तिच्या तोंडाशी शब्द आला होता. तिनं तो गिळला, कारण तिला स्टुलावर बसलेला मास्तर दिसला, आणि रिकामी खुर्ची दिसली.

मास्तरला बाकावर बसवून ती औषधांच्या खिडकीशी रांगेत लागली. तिच्यापुढे एक माणूस वळला आणि म्हणाला, "अरे, मास्तरीणबाई! घ्या खडीसाखर."

पोस्टमन होता. गालावर मांस आलेलं, पायात साधे बूट, हातात काठी नाही.

खडीसाखर न घेताच ती म्हणाली, "तुम्ही... सोमवारी येत नाही ना आता?"

"नाही ना! मला त्या सुईनं फार छळलं होतं. आधी डोस कमी केला, त्यानं आकडे चढले. मग डॉक्टरीणबाईंनी औषधच बदललं. गोळ्या. घरीच घेतो. महिन्यातून एकदा बुधवारी येतो, या बुधवारी लग्नाला जायचंय म्हणून आजच आलो." त्यानं एक पाय उचलून आपटून दाखवला. "चारेक महिने लागले, पण पाय आले परत. मास्तर कसे आहेत?"

तिनं हातातल्या कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. "बरे आहेत," ती म्हणाली. रांग पुढे सरकली आणि ती रांगेतून बाहेर पडली.

डॉक्टरच्या खोलीतून पेशंट बाहेर येईपर्यंत ती दारापाशी उभी राहिली आणि मग न बोलावताच आत गेली. बाकावरून मास्तरनं तिला बघितलं. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं असावं, कारण काठी टेकत तो शक्य तितक्या घाईनं मागे आला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यांच्या शर्टाला काजं नाहीत."

डॉक्टरला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? मास्तरीणबाई पुढे झाली, तिनं मास्तरच्या शर्टाची पट्टी धरली आणि एका ओढीत तो सबंध शर्ट उघडला. डॉक्टर खुर्चीवरून उठली. तिनं पट्टी उलटी केली, बंद काजांवरून बोट फिरवलं, एक टिचबटण लावून बघितलं, काढून बघितलं.

"किती महिने?" तिनं विचारलं.

"चार."

"कोणी शिवलं हे?"

"मी," मास्तर लगेच म्हणाला. "माझंच काम आहे. हिला काही माहीत नव्हतं."

डॉक्टरनं त्याच्या हातांकडे बघितलं. एकावर बँडेज. दुसरा काठीच्या मुठीवर होता, आणि मूठ नीट धरली आहे का, हे तो मधूनमधून खाली बघून तपासत होता.

"मी शिवलं," मास्तरीणबाई म्हणाली. "डोकंही माझं आणि हातही माझे. ते मला वाचवायला बघतायत."

डॉक्टर खाली बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो परत घातला नाही. "मी दर महिन्याला बटणं लावायला सांगत होते, ती तुमचं औषध तोडायला नाही हो. तुमचे हात वाचवायला. या आजाराला दुसरी औषधं आहेत. चार महिन्यांपूर्वी कळलं असतं तर..."

ती थांबली. मास्तरीणबाईला ते वाक्य पुरं ऐकायचं होतं. शिक्षा सांगायचीच तर सगळी सांगावी.

"तर काय, डॉक्टर?"

"तर बहुधा बरंचसं परत आलं असतं."

"आणि आता?"

"आता वाट बघायची. वर्षभर. मी वचन देऊ शकत नाही."

सुई त्याच दिवशी बंद झाली. गोळ्या सुरू झाल्या. पायांची आग महिन्या-महिन्यानं कमी होत गेली. चादरीखालचं खोकं निघालं, मास्तर गार पाण्यानं तोंड धुवायला लागला. पण बोटं आली नाहीत. रोज सकाळी चहा झाल्यावर मास्तरीणबाई कापडाचा एक तुकडा त्याच्या बोटांत द्यायची आणि डोळे मिटायला सांगायची. "काय आहे?" तो आधी मनापासून प्रयत्न करायचा, मग अंदाज करायचा, मग तिची मर्जी राखायला काहीतरी म्हणायचा. "रेशीम." असायची गोणपाटाची चिंधी. आठव्या महिन्यात तिनं विचारणं सोडून दिलं. त्यानंही का सोडलंस म्हणून विचारलं नाही.

वर्ष भरलं त्या दिवशी डॉक्टरनं कागद पुढे सरकवला. आजार पार खाली दबला होता, इतका खाली की यंत्राला नीट सापडेना. "अशीच काही वर्षं काढायची, मास्तर," ती म्हणाली. मास्तरनं तिला नवा कोट शिवून द्यायचं कबूल केलं. म्हणजे, हिच्याकडून शिवून घ्यायचं. हातांबद्दल डॉक्टरनं विचारलं नाही. नुसते बघितले.

बाहेर पडल्यावर तिनं नेहमीसारखा त्याचा हात आपल्या हातात घेतला. रस्त्यावर ऊन होतं, गाड्या धावत होत्या आणि दोघं सिग्नलची वाट बघत उभी होती. वर्षभर जे तिनं पोटात ठेवलं होतं, ते तिथे, अनोळखी लोकांच्या गर्दीत बाहेर आलं.

"अहो, मला एकदा तरी बोला. शिव्या घाला. तुमचे हात मी घालवले. एका शब्दानं तुम्ही मला बोलला नाहीत, त्यानं मला झोप लागत नाही."

मास्तरनं जरा विचार केला.

"शिव्या कशाच्या घालू?" तो म्हणाला. "काम बघितलं मी ते. पुढे रोज घालायचो ना तो शर्ट. कुठे टाका दिसेना, कुठे पट्टी ओढली जाईना. शिकलेली डॉक्टर, तिला चार महिने कळलं नाही. मला नसतं जमलं तसं. फार सुंदर काम होतं, बरं का."

तीस वर्षांत त्यानं तिच्या कामाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "चालेल" म्हणायचा, आणि तिला ते पुरायचं. आता तो मनापासून, एका कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं म्हणाला, आणि ज्या कामाला म्हणाला ते काम हे होतं. ओरडायला नको म्हणून तिनं त्याचा हात आवळला, आणखी आवळला, इतका की तिचीच बोटं पांढरी पडली आणि दुखायला लागली.

मास्तरला त्यातलं काही कळलं नाही. तो सिग्नलकडे बघत होता आणि डॉक्टरच्या कोटाला अस्तर कुठल्या रंगाचं लावावं, हे सांगत होता.